अशोकमामा कुणाला हसवतात आणि कुणावर?

हातातलं काम चालू राहू द्या, भाकरी करपू देऊ नका आणि कान तेवढा इकडे द्या.

परवा आम्ही एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. बचतीचे पैसे गोळा झाले, वही मिटली, चहा आला. एक ताई कोपऱ्यात गप्पच होती. विचारलं तेव्हा कळलं, ग्रामसभेत पाण्याबद्दल बोलायला उभी राहिली आणि तिचा एक शब्द अडखळला. मागून कुणीतरी तिची हुबेहूब नक्कल केली. सगळी सभा हसली. तेव्हापासून ती ग्रामसभेला गेलेली नाही.

थोड्या वेळाने कुणीतरी 'अशी ही बनवाबनवी'चा विषय काढला आणि हीच ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली! आम्हाला प्रश्न पडला. तिकडेही हसू, इकडेही हसू. एका हसण्याने बाई घरात बसते, दुसऱ्याने मोकळी होते. असं का? म्हणून आज आपल्या लाडक्या अशोक सराफांच्या, म्हणजे अशोकमामांच्या गमती आठवू या आणि हे कोडं सोडवू या.

अशोकमामांचा जन्म 1947 चा, मुंबईचा. नाटकाचं वेड पहिल्यापासून, पण पोटासाठी बँकेत नोकरी केली. 1975 साली दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'मध्ये ते सखाराम हवालदार झाले आणि लोकांच्या लक्षात राहिले. नायकाचा चेहरा म्हणतात तसा चेहरा नाही, उंची बेताची. पण नुसती भुवई उचलली तरी थिएटर हसायचं.

1985 च्या 'धुमधडाका'मध्ये ते मित्राचा श्रीमंत बाप बनून येतात. यदुनाथ जवळकर हे नाव, तोंडात पाईप. पाईप ओढायचा आणि ठसका लागला की 'व्याख्या विख्खी वुख्खू'! त्याला अर्थ काहीच नाही. पण आजही लग्नाच्या मांडवात कुणी तसं खोकलं की माणसं हसतात. इथे आपण कुणाला हसतो? खऱ्या म्हाताऱ्याच्या खोकल्याला नाही, खोट्या मोठेपणाला. सोंग घेतलंय, पण ते पेलवत नाही, त्याला हसतो.

आता 1988 ची 'बनवाबनवी'. सचिन पिळगावकरांचा हा सिनेमा 'बीवी और मकान' या 1966 च्या हिंदी सिनेमावर बेतलेला. चार पुरुष, पुण्यात राहायला जागा नाही. घरमालकीण लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच खोली देणार. मग सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती. मामा म्हणजे धनंजय माने, या सगळ्या खोटेपणाचा कारभारी. एक खोटं झाकायला दुसरं आणि दुसरं झाकायला तिसरं. ओळख करून देताना शंतनूची जीभ घसरते आणि 'हा माझा बायको' म्हणून जातो. शेवटी पार्वतीच्या डोहाळजेवणापर्यंत गोष्ट जाते!

एका श्रोत्या ताईंनी आम्हाला विचारलं होतं, "पुरुषांनी साडी नेसून बायकांची टिंगल करायची आणि आपण हसायचं, हे बरं का?" प्रश्न अगदी रास्त आहे. पुष्कळ ठिकाणी तशी टिंगल होतेच. पण इथे जरा नीट बघा. साडी सांभाळता सांभाळता जीव कुणाचा जातो? पुरुषांचा. पदर, चाल, आवाज, चारचौघांच्या नजरा, हे सगळं आपण रोज सांभाळतो आणि त्यांना दोन दिवसांत घाम फुटतो. फजिती बाईची होत नाही, सोंग घेणाऱ्याची होते. म्हणून आपल्याला मनापासून हसू येतं.

1995 मध्ये झी टीव्हीवर 'हम पाँच' ही हिंदी मालिका आली. मामा झाले आनंद माथुर, पाच मुलींचे बाप. पहिली बायको वारलेली, पण भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याला सुनावते! ती भूमिका प्रिया तेंडुलकरांची. पाच मुली म्हणजे बापाच्या डोक्यावर ओझं, असा विनोद करणं सोपं होतं. इथे मात्र मुली घर डोक्यावर घेतात आणि हसू होतं ते बापाच्या धांदलीचं. मामा स्वतःचं हसू करून घेतात. त्यांची खरी ताकद तीच.

आता कोडं सुटतं. कुणी विनोद केला की मनात तीन प्रश्न विचारा. ज्याच्यावर हसलो, तो जागेवर उत्तर देऊ शकतो का? हसतोय ते त्याने घेतलेल्या सोंगाला, की त्याच्या बोलण्याला, रंगाला, गरिबीला? आणि हसून झाल्यावर तो माणूस आपल्यात बसून राहील, की उठून जाईल? धनंजय माने तिन्ही प्रश्नांत पास होतो. ग्रामसभेतला तो नकलाकार तिन्हीत नापास.

मामांना 2023 सालचा महाराष्ट्र भूषण मिळाला, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. इतकी वर्षं हसवून कुणाला खाली बघायला लावलं नाही, तर माणसं घरातल्यासारखी 'मामा' म्हणतात.

आणि त्या ताईचं काय? तिच्या गटाने ठरवलंय, पुढच्या ग्रामसभेला दहा जणींनी तिच्या आजूबाजूला बसायचं. ती अडखळली तर तिचं वाक्य शेजारणीने पुरं करायचं. कुणी नक्कल केलीच तर हसायचं नाही, सगळ्यांनी वळून त्याच्याकडे नुसतं बघायचं. कुणीच हसलं नाही की नकलाकाराचंच सोंग उघडं पडतं.

तुमच्या गटात हे करून बघा. आणि येत्या बैठकीत वही मिटल्यावर प्रत्येकीने स्वतःच्या फजितीची एक गोष्ट सांगा. खळखळून हसा. बाईमाणसाने मोठ्याने हसू नये असं कुणी म्हणालंच, तर त्यांनाही चहाला बोलवा.