घरावर बँकेची नोटीस आली तर...

दुकानासाठी किंवा कारखान्यासाठी कर्ज काढताना आपल्यापैकी अनेकजण राहते घर तारण देतात. पुढे धंदा मंदावतो, हप्ते थकतात आणि एके दिवशी बँकेची नोटीस येऊन पडते. घरात रडारड सुरू होते व कर्ता माणूस ती नोटीस कपाटात ठेवून देतो. आमच्या मते खरे नुकसान इथूनच सुरू होते. कायद्याने कर्जदाराला हक्क दिले आहेत, परंतु प्रत्येक हक्काला दिवसांची मुदत आहे.

ही नोटीस बहुधा २००२ च्या सरफेसी कायद्याखालची असते. या कायद्यानुसार बँकेला दिवाणी दावा न लावता तारण घर ताब्यात घेऊन विकता येते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, असा निर्णय सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये दिला. शेतजमिनीचे तारण मात्र या कायद्यातून वगळलेले आहे. थकलेली रक्कम मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी असेल, तरीही तो लावता येत नाही.

पहिल्या नोटिशीत पूर्ण रक्कम भरण्यास ६० दिवस दिलेले असतात. हे दिवस वाया घालवू नका. रकमेचा हिशेब चुकला असेल, भरलेले हप्ते जमा दाखवले नसतील तर लेखी हरकत द्या व पोच घ्या. बँकेने ती फेटाळल्यास १५ दिवसांत कारणे कळवणे तिच्यावर बंधनकारक आहे. तडजोडीची बोलणी करायची तीही याच काळात आणि लेखी. साहेबांच्या तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही.

६० दिवसांनंतर बँक ताब्याची नोटीस दारावर चिकटवते व वर्तमानपत्रात छापते. घरात आपणच राहत असतो, म्हणून पुष्कळांना वाटते की अजून काही झाले नाही. हा गैरसमज आहे. कागदोपत्री ताबा घेतला की ४५ दिवसांची मुदत सुरू होते. तेवढ्यात कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. मुंबई, पुणे व नागपूर येथे अशी न्यायाधिकरणे आहेत. दिवाणी कोर्टाला अशा प्रकरणात मनाईहुकूम देता येत नाही, तेव्हा तिथे वेळ व पैसा घालवू नये. पूर्वी या अर्जासाठी मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागे. ती अट सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये रद्द केली. बँकेची कारवाई बेकायदा ठरली तर न्यायाधिकरण ताबा परत देववू शकते.

लिलावापूर्वी मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून घराची किंमत ठरवून घेणे व कर्जदाराला ३० दिवसांची विक्रीची नोटीस देणे बँकेला भाग आहे. राखीव किंमत बाजारभावापेक्षा फार कमी वाटल्यास ताबडतोब लेखी हरकत घ्यावी. सर्व देणे भरून घर सोडवण्याचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीपर्यंतच उरला आहे. म्हणून नातेवाइकांकडून पैसे उभे करायचे असतील तर लिलावाच्या दिवसाची वाट पाहू नये. विक्री झालीच, तर देणे व खर्च वजा जाता उरलेली रक्कम कर्जदाराची असते. ती मागून घ्यावी.

जामीनदारांनीही हे ध्यानात ठेवावे. त्यांनी घर तारण दिले असेल तर तेही याच वाटेने जाते.

आमची विनंती एवढीच. नोटीस आली त्या दिवशीच तिच्यावर तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात जाणत्या वकिलाला दाखवा.