मदुराईत पोटोबा कुठे शांत कराल?

मीनाक्षीचं दर्शन झालं, मुलं भुकेने कावली, की बहुतेक कुटुंबं समोर दिसेल त्या हॉटेलात शिरतात. उत्तर भारतीय थाळी मागवतात. पैसे जातात नि मदुराईची चवही हुकते.

थोडं चालायची तयारी असेल तर ही फसगत टळते. मंदिराभोवतीच्या मासी, वेली या रस्त्यांवर आणि त्यांच्या गल्ल्यांत स्थानिक लोक जेवतात. ‘मेस’ अशी पाटी पाहून बिचकू नका. ती महिन्याचे पैसे भरणाऱ्यांचीच खानावळ नसते; तिथे कुणालाही पान वाढतात. फक्त ‘सैवम’ म्हणजे शाकाहारी आणि ‘असैवम’ म्हणजे मांसाहारी, हे विचारून घ्या.

वेळही सांभाळायला हवी. सकाळी इडली, पोंगल, वडा. दुपारी केळीच्या पानावर सांबार, रसम, दहीभात. भर दुपारी डोसा मागितलात तर बऱ्याच ठिकाणी नकार मिळेल. तो पुन्हा संध्याकाळी. वाढपी भात वाढतच राहिला तर ‘पोदुम’ म्हणजे ‘पुरे’ म्हणावं.

‘न झोपणारं शहर’ अशी मदुराईची ख्याती. रात्री उशिराही इडल्या वाफाळतात, तव्यावर परोटे थापले जातात. मांसाहारींनी अंडं आणि खिमा पसरलेला जाडजूड ‘करी दोसै’ चाखावा. दूध, बदामी डिंक, नन्नारीचं सरबत आणि आइस्क्रीम घातलेलं जिगरठंडा मुलांना नक्की आवडेल.

एकच खूण ध्यानात ठेवा: जिथे बाजारातले दुकानदार रोज जेवतात, तिथे अन्न ताजं असतं.