कडेची नजर

बॅडमिंटनचा कसलेला खेळाडू मागे झुकून हात उंचावतो, आणि फूल नेमके प्रतिस्पर्ध्याने मोकळ्या सोडलेल्या कोपऱ्यात जाऊन पडते. पाहणारा सहज म्हणून जातो, "याला पाठीलाही डोळे आहेत!" या उद्गारातील कौतुक आम्हांला मान्य आहे, त्यातून पसरणारा समज मात्र मान्य नाही. अशा खेळाडूचे डोळे मुळातच अधिक रुंद पाहतात, आणि काही व्यायामांनी आपल्या मुलाचेही डोळे तसे रुंद होतील, असा तो समज. डोळ्याचे क्षेत्र व्यायामाने वाढत नाही. वाढते ते अवधान.

प्रथम डोळ्याकडे वळू. दोन्ही डोळे मिळून आपल्याला सुमारे १८० अंशांचा आडवा पट्टा दिसतो. त्यात अगदी स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम दोन अंशांचा. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढा. बाकीचा पट्टा अंधुकच असतो. हे जाणवत नाही, कारण डोळा क्षणोक्षणी उड्या मारीत फिरतो आणि मन ते तुकडे जोडून घेते. बसल्या जागी एक प्रयोग करून पाहावा. नजर समोरच्या एका खुणेवर खिळवावी आणि हात बाजूला, जवळजवळ कानाच्या रेषेपर्यंत नेऊन बोट हलवावे. बोट हलते तोवर त्याचे भान राहते. थांबले की ते हरवते. शेजाऱ्याने रंगीत रुमाल मागून हळूहळू पुढे आणला, तर काहीतरी आले हे आधी कळते, रंग मागाहून. कडेची नजर वस्तू ओळखण्यात कच्ची, पण हालचाल टिपण्यात तरबेज.

हे क्षेत्र वाढत नसले तरी घटू मात्र शकते. काचबिंदूत बहुधा दुखत नाही, वर्तमानपत्र वाचता येते, आणि कडेचे दिसणे गुपचूप जात राहते. गेलेले परत मिळत नाही. बाजूने येणारी सायकल दिसेनाशी झाली तर व्यायामाचे पुस्तक न उघडता नेत्रवैद्याकडे जावे. घरात कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर तेवढीही वाट पाहू नये.

आता अंगणात येऊ. रायगडच्या श्रोत्यांना ही गोष्ट कबड्डीवरून लवकर उमगेल. चढाईला गेलेला गडी दोन्ही कोपऱ्यांकडे आळीपाळीने मान वळवीत राहिला तर त्याची पकड ठरलेलीच. नजर मध्यावर ठेवावी आणि कोपऱ्यातला पाय हलला की अंग सावध व्हावे, ही त्या खेळाची रीत. बॅडमिंटनमध्ये कोपऱ्यांची जागा प्रतिस्पर्धी आणि रेषा घेतात. एकेरीचे अंगण ४४ फूट लांब, १७ फूट रुंद. जाळे मध्यावर ५ फूट उंच. डोळा उडी घेतो त्या क्षणापुरता जवळजवळ आंधळा असतो. म्हणून नजर फुलावरून प्रतिस्पर्ध्यावर आणि पुन्हा फुलावर भिरभिरविणे तोट्याचे. नजर फुलावर, प्रतिस्पर्धी कडेत.

पण काहीतरी हलले एवढे कळून भागत नाही. त्याचा अर्थ लागला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील संशोधक ब्रूस ॲबरनेथी यांनी १९८० च्या दशकात याविषयी प्रयोग केले. फटक्याची फिल्म मध्येच तोडावयाची, कधी चित्रातला हात किंवा रॅकेट झाकावयाची, आणि फूल कोठे पडेल ते विचारावयाचे. नवशिक्यांचा आधार केवळ रॅकेट; निष्णात खेळाडू रॅकेट धरलेल्या हातावरूनही अंदाज बांधीत. गंमत अशी की दोघांच्या नजरा फिरण्याची रीत फारशी निराळी आढळली नाही. पाहत होते दोघेही तेच. वाचता येत होते एकालाच.

हे वाचन चुकविणारेही असतात. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ साली क्वालालंपूर येथे सेलांगोर स्पर्धा जिंकली आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांची ख्याती बळापेक्षा नाजूक, फसव्या फटक्यांसाठी होती. आविर्भाव लांब फटक्याचा, आणि फूल जाळ्याला लगटून खाली: फसवा फटका म्हणतात तो हाच.

कडावसारख्या गावी पावसाळा सरल्यावर पटांगणात फक्कीने रेषा आखल्या आणि वारा पडण्याची वाट पाहिली, तरी हा अभ्यास होतो. पलीकडच्या गड्याने फूल टाकताच एका बाजूला पाऊल टाकावे. आपण फुलावरची नजर न काढता, मारण्याआधी "डावा" किंवा "उजवा" असे ओरडावे. आरंभी बोल उशिरा निघतो, मग फटक्याच्या आधी निघू लागतो. रेषांसाठी दुसरा खेळ. मध्यापासून तीन पावले मागे जाऊन डोळे मिटावे, मागची रेषा किती पावलांवर ते सांगावे आणि मग मोजावे. मुलांना यात मोठी मौज वाटते. महागड्या उपकरणांची जाहिरात पाहून भुलण्याचे कारण नाही.

दुहेरीत मात्र एक सवय वेळीच मोडली पाहिजे. पुढे उभा असलेला गडी "जोडीदार काय करतो" म्हणून मागे वळून पाहतो. त्याने पाहावे समोरच्यांकडे. ते मागे सरले तर आपल्या जोडीदाराने फूल उंच लांब मारले, खाली वाकून बचावाला बसले तर तो स्मॅश मारीत आहे. वळलेली मान पुन्हा पुढे येते तेव्हा परतलेले फूल तोंडासमोर असते. कधी जोडीदाराचेच फूल डोळ्यावर बसते. टेनिसचा चेंडू डोळ्याच्या खोबणीपेक्षा मोठा असल्याने त्याचा बराच मार भोवतालच्या हाडावर जातो. फुलाचे बूच एवढे लहान की ते सरळ बुबुळावर आदळते. आत रक्तस्राव होतो, कधी दृष्टीही जाते. साधा चश्मा फुटून उलट इजा करतो. पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चश्मा मिळतो, तो दुहेरी खेळणाऱ्यांनी, आणि ज्यांचा एकच डोळा चांगला आहे त्यांनी तर अवश्य, लावावा.