गर्भपात : धर्माचे पाप की स्त्रीचा हक्क?

भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्मस्वातंत्र्य दिले, हे आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु त्या कलमाची सुरुवातच एका अटीने होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहूनच हे स्वातंत्र्य उपभोगायचे आहे. म्हणजे धर्म आणि आरोग्य समोरासमोर आले तर संविधानाने आरोग्याला वरचे स्थान दिले आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या या संविधानाची ही अट किती दूरदृष्टीची होती, हे ज्या देशांत धर्माने आरोग्याच्या कायद्यात हात घातला त्या देशांकडे पाहिले म्हणजे कळते.

अमेरिकेचेच घ्या. २००९-१० साली बराक ओबामा यांनी आरोग्य सुधारणेचा कायदा आणला. कोट्यवधी विमा नसलेल्या गरिबांना उपचार मिळावेत हा त्याचा हेतू. तो कशावर अडला? अनेक कारणांपैकी एक होते गर्भपात. सरकारी मदतीच्या विम्यातून गर्भपाताला पैसा जाता कामा नये, असा आग्रह कॅथलिक बिशपांच्या परिषदेने धरला आणि बार्ट स्टुपाक या डेमोक्रॅट प्रतिनिधीने तो कनिष्ठ सभागृहात रेटला. अखेर मार्च २०१० मध्ये गर्भपातासाठी केंद्राचा पैसा वापरला जाणार नाही असा स्वतंत्र आदेश काढण्याचे ओबामांना कबूल करावे लागले, तेव्हा कुठे कायदा पार पडला. १९७६ च्या हाइड दुरुस्तीपासून गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून केंद्राचा पैसा गर्भपाताला मिळत नाही, अपवाद मोजकेच. श्रीमंत बाई खिशातून पैसे देते. अडते ती गरीब बाई, आणि तिच्यात काळ्या स्त्रिया मोठ्या संख्येने. पुढे २४ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासूनचा गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला.

अमेरिकेशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. मग आपल्या शेजारच्या बेळगावच्या लेकीची आठवण करून द्यावी लागते. सविता हलप्पनवार बेळगावात वाढली, दंतवैद्य झाली आणि लग्नानंतर आयर्लंडला गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना कळून चुकले होते. ती गर्भपात करा म्हणून विनवत होती. गर्भाचे ठोके चालू आहेत, म्हणून गॉलवेच्या रुग्णालयाने नकार दिला. हा कॅथलिक देश आहे, असे तिला सांगण्यात आले. अंगात विष भिनून २८ ऑक्टोबरला ती गेली. वय अवघे एकतीस. १९८३ साली आयर्लंडच्या घटनेत घुसवलेल्या एका धार्मिक कलमाने शिकलेल्या, सुस्थितीतल्या, पतीची साथ असलेल्या बाईचा जीव घेतला. मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक लोकांनी ते कलम रद्द केले. पण सविता परत आली नाही.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे चर्चइतकी संघटित फळी नव्हती. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. हाताबाहेर गेलेल्या चोरट्या गर्भपातांनी मरणाऱ्या बायका वाचवणे हा त्याचा एक मोठा हेतू होता. तरीही धर्म मागच्या दाराने आलाच. तो आला एका शब्दातून. तो शब्द म्हणजे ‘भ्रूणहत्या’.

आज सरकारी भिंतीवर, एस.टी.वर, शाळेच्या फलकावर ‘स्त्रीभ्रूणहत्या महापाप’ असे लिहिलेले असते. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्याविषयी वाद नाही. आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८८४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५२ झाल्या. आमच्या कर्जत तालुक्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात तर ८०७. ही आकडेवारी लाज आणणारी आहे. परंतु रोग कोणता आणि औषध कोणते, हे तपासले पाहिजे.

भ्रूणहत्या हा शब्द कायद्याचा नाही, धर्मशास्त्राचा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अज्ञात गर्भाच्या, म्हणजे मुलगा की मुलगी हे न कळलेल्या गर्भाच्या हत्येला ब्रह्महत्येचे प्रायश्चित्त सांगितले आहे. टीकाकार हा गर्भ ब्राह्मणाचा असे धरतात. म्हणजे चिंता कोणाची? तो कदाचित मुलगा असेल याची! आणि त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात ‘पुत्’ नावाच्या नरकातून बापाला तारतो तो पुत्र, असे सांगितले आहे. मुलाचा हव्यास ज्या ग्रंथाने पेरला, त्याच ग्रंथाच्या पाप-पुण्याच्या भाषेने मुली वाचवायला निघणे म्हणजे विषाचा उतारा विषाच्याच बाटलीत शोधणे होय. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. तिची भाषा मात्र आपण सरकारी खर्चाने भिंतींवर रंगवतो आहोत!

ही भाषा केवळ पुस्तकात नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातील एका नामवंत कीर्तनकाराने सम तिथीला मुलगा आणि विषम तिथीला मुलगी होते, अशा अर्थाचे वक्तव्य केल्याचे प्रकरण गाजले. लिंगनिवडीची जाहिरात केल्याच्या आरोपावरून संगमनेरच्या न्यायालयात खटला दाखल झाला. सत्र न्यायालयात तो अडला आणि जून २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्याचा मार्ग मोकळा केला. मुलगा कसा होईल हे धर्मपीठावरून सांगितले जाते आणि गर्भपात पाप आहे हेही धर्मपीठावरूनच सांगितले जाते. दोन्हीकडून दावणीला बांधली जाते ती बाईच.

गुन्हा कोणता, हक्क कोणता?

वकील म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. लिंगनिवडीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. हे कायदे गर्भपाताला बंदी करत नाहीत. ते गर्भाचे लिंग शोधायला, सांगायला आणि निवडायला बंदी करतात. गुन्हा सोनोग्राफीच्या मशीनपाशी घडतो, मूल नको म्हणणाऱ्या बाईच्या निर्णयापाशी नाही.

मे २०१२ मध्ये परळीचे प्रकरण उघडकीस आले, एका बाईचा जीव गेला आणि राज्यभर कारवाई सुरू झाली. कारवाई हवीच होती. पण तिचा रोख मशीनकडून गोळ्यांकडे वळला. गर्भपाताच्या गोळ्यांवर करडी नजर आली आणि मेडिकल दुकानांनी त्या ठेवणे बंद केले. नऊ आठवड्यांच्या आत घ्यायच्या या गोळ्या! त्या वेळी सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. मग या बंदीने मुली कशा वाचणार? चार पैसेवाली बाई पुण्याला जाते. ऊसतोडीला गेलेली, कोयत्याच्या उचलीत अडकलेली बाई मात्र पोट पाडायला कोणाकडे जाते, हे मिरजगाव-राशीनच्या बाजारात कोणाही वयस्क बाईला विचारा.

कायदा काय म्हणतो ते आपल्या भगिनींनी पाठ करावे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरेसे आहे. बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली अशा काही स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागला तर आठवड्यांची अट नाही. साधन फसले हे कारण आता विवाहितेपुरते राहिलेले नाही. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते; नवऱ्याची, सासूची, भावाची सही कायद्याने मागता येत नाही. मुलगी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. बाईचे नाव बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांची तरतूद लागू केली आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच मानला.

तरीही माझ्याकडे येणाऱ्या बायकांना दवाखान्यात ‘नवऱ्याला घेऊन या’ असेच ऐकावे लागलेले असते. आणि हेही खरे, की आपला कायदा अजून अपुरा आहे. निर्णय बाईचा नव्हे, डॉक्टरच्या मताचा आहे. १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेने गर्भपात करून घेणाऱ्या बाईलाही गुन्हेगार ठरवले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तेच कलम अठ्ठ्याऐंशी म्हणून पुढे चालवले आहे. गर्भपात कायदा हा त्यातला अपवाद आहे. हक्क आणि अपवाद यांत फरक असतो.

आपला वारसा

क्रांतिबा जोतीराव आणि सावित्रीमाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांना त्यांनी पापिणी म्हटले नाही. त्यांना छप्पर, सुईण आणि गुप्तता दिली. बाबासाहेबांनी १९३४ साली संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांचा अश्लीलतेचा खटला लढवला. आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो मांडणारे प्रभाकर रोहम हे आपल्याच अहमदनगर जिल्ह्यातून निवडून आलेले होते आणि त्यांचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर त्यांनी दुसरे मूल होऊ दिले नसते, असा रोखठोक मुद्दा त्यात होता. मूल व्हावे की नाही हे स्त्रीच्या इच्छेवर असावे, असेही त्यात होते. तो ठराव गर्भपाताचा नव्हता, संततिनियमनाचा होता. सभागृहाने तो मोठ्या बहुमताने फेटाळला. पण स्त्रीच्या शरीरावर स्त्रीचा अधिकार, हे तत्त्व या जिल्ह्याच्या प्रतिनिधीच्या तोंडून तेव्हाच सांगितले गेले.

काही धम्मबांधव विचारतील, पाणातिपाताचे काय? विनयात गर्भ पाडायला कारण होणाऱ्या भिक्खूला संघातून काढण्याचा नियम आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण विनय हा भिक्खूंसाठी आहे, गृहस्थांच्या फौजदारी खटल्यांसाठी नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते, नियम त्याला जखडतो. शिवाय पंचशील आपण स्वतःहून ग्रहण करतो. शील स्वतः घ्यायचे असते, पोलीस पाठवून दुसऱ्यावर लादायचे नसते. एखाद्या उपासिकेला गर्भपात नको वाटला तर तो तिचा अधिकार आहे. शेजारणीचा निर्णय घेण्याचा अधिकार मात्र तिलाही नाही, भन्तेजींनाही नाही आणि तुम्हा-आम्हा पुरुषांना तर मुळीच नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात गर्भपाताची सोय आणि ती करणारा डॉक्टर कायम हवा. नवऱ्याची सही लागत नाही, हे मराठीत मोठ्या अक्षरांत दारावर लिहिलेले हवे. सरकारी फलकावरून ‘भ्रूणहत्या’ आणि ‘महापाप’ हे शब्द हटवून ‘लिंगनिवड हा गुन्हा आहे, सुरक्षित गर्भपात कायदेशीर आहे’ असे लिहावे. सरकार लिहील तेव्हा लिहील. येत्या १४ एप्रिलला आपल्या जयंती मंडळांनी डीजेच्या भाड्यातले थोडे पैसे वाचवून हा एक फलक मंडपात लावावा आणि महिला मंडळांनी विहारात या कायद्याचे वाचन करावे. फलक वाचून एक जरी बाई भोंदूकडे जायची थांबली, तरी ती जयंती सार्थकी लागली असे म्हणता येईल.

जय भीम! जय संविधान!