संत्र्याला गारवा किती हवा?

नागपूरच्या संत्र्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. तो विकणाऱ्याची अडचण मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. कळमना बाजारात सर्वांचा माल एकदम उतरला की भाव कोसळतो. फळ फार दिवस थांबत नाही, त्यामुळे मिळेल त्या भावात विकणे भाग पडते. बांगलादेश हा या संत्र्याचा मोठा ग्राहक. त्याने २०२३ मध्ये आयात शुल्क वाढवले, तेव्हा ही अडचण आणखी वाढली.

नाशवंत मालावर जगाने शोधलेला उपाय म्हणजे गारवा. १८३३ साली बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी तळ्यातला बर्फ जहाजाने कलकत्त्यास पाठवला. सुमारे १८० टनांपैकी १०० टन शाबूत पोहोचला. पुढे यंत्रे आली. १८८२ मध्ये ‘डुनेडिन’ जहाजाने न्यूझीलंडचे गोठवलेले मटण लंडनला सुखरूप नेले आणि दूरदेशीच्या मांस व्यापाराचा मार्ग खुला झाला. आपल्या देशातून होणारी म्हशीच्या मांसाची निर्यातही याच तंत्रावर चालते.

संत्र्याचे मात्र तसे नाही. फळ तोडल्यानंतरही जिवंत असते, श्वास घेते. गारव्याने तो श्वास मंदावतो, म्हणून फळ टिकते. गोठवले तर आतल्या पेशी फुटून ते वाया जाते. नागपुरातच १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. तज्ज्ञांच्या मते ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान आणि हवेत ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता राखल्यास मेण लावलेला चांगला संत्रा सुमारे दीड महिना टिकतो. तापमान याहून फार उतरले तर सालीवर खड्डे व डाग पडतात; हवा कोरडी असली तर फळ सुकते.

म्हणून व्यापारी बांधवांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शीतगृह खराब माल चांगला करीत नाही; ओढून तोडलेले, दबलेले फळ आत ठेवले तर शेजारच्यालाही कुजवते. दुसरे, भाडे, पैशावरचा खर्च आणि घट वजा जाता भावातला फरक उरतो का, हे माल ठेवण्याआधीच मांडून पाहावे. उरत असेल तरच शीतगृहाचे दार उघडावे.