दर्या, दऱ्या आणि जेसन

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा फरक रेवदंड्याच्या माणसाला शिकवावा लागत नाही. पण संगणकाला तो कसा कळतो, आणि एका संगणकाने दुसऱ्याला सांगताना तो वाटेत हरवत कसा नाही, याविषयी चार शब्द लिहितो. कलाशाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण लिपीचा प्रश्न आपला नाही तर कुणाचा?

माझे वडील बोटीवर खलाशी आहेत. डिझेल आणि बर्फाचा खर्च वजा जाऊन उरलेल्या रकमेचे वाटे नाखवा वहीत मांडतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, तेव्हा वाटा बरोबर आला का हे पाहण्याचे काम माझ्याकडेच आले. जूनजुलैच्या मासेमारीबंदीत तोच हिशेब मी पायथन या भाषेत मांडला.

प्रोग्राममध्ये प्रत्येक फेरी हा एक ऑब्जेक्ट असतो. प्रोग्राम बंद झाला की तो स्मृतीतून पुसला जातो. टिकवायचा तर त्याचा साधा मजकूर करावा लागतो. अशा मजकुराची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत म्हणजे जेसन. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ साली ती पुढे आणली. महिरपी कंसात नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग किंमत. यादी असेल तर चौकटी कंस. बस्स, एवढेच व्याकरण! रूपांतरासाठी पायथनसोबत २००८ पासून जेसन नावाचीच लायब्ररी येते. 'डम्प्स' म्हटले की ऑब्जेक्टचा मजकूर होतो, 'लोड्स' म्हटले की मजकुराचा ऑब्जेक्ट.

बोटीच्या नावात 'दर्या' असेल, तर डम्प्स ते देवनागरीत लिहीतच नाही. प्रत्येक चिन्हाऐवजी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडी युनिकोड क्रमांक येतो. द, र, हलन्त, य, काना या पाच चिन्हांची तीस होतात. पाहणाऱ्याला वाटावे, मराठी बुडाली! पण र चा क्रमांक ०९३० आणि ऱ चा ०९३१. समुद्र आणि डोंगर यांच्यातले सारे अंतर त्या शेवटच्या अंकात शाबूत राहते, आणि लोड्स केले की शब्द जसाच्या तसा परत येतो. 'एन्शुअर आस्की' हा पर्याय बंद केला तर देवनागरी सरळच उतरते. मात्र 'ऱ्या' दुसऱ्या तऱ्हेनेही टंकता येतो: साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, लायब्ररीला वेगळे; ती त्यांना एक करीत नाही.

सगळेच मात्र असे सुखरूप परतत नाही. जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही. पायथनची तारीख तशीच दिली तर डम्प्स चक्क नकार देते. तिचा आधी मजकूर करावा लागतो. नकार तरी बरा, कारण तो दिसतो. खलाशांना १, २, ३ असे क्रमांक देऊन त्यांपुढे वाटे लिहिले, तर जेसनमध्ये ते क्रमांक अवतरणचिन्हांत जातात आणि अंक न राहता अक्षरे होऊन परततात. मग अंक १ चा वाटा विचारला तर तो सापडत नाही. 'न सापडल्यास शून्य' अशी सोय केलेली असेल, तर प्रोग्राम निमूटपणे शून्य सांगतो. दोन महिने बंदरात बसलेल्या माणसाच्या पहिल्या फेरीपुढे शून्य! म्हणून मी क्रमांक दिले नाहीत, खलाशांची नावेच घातली. नाखव्याच्या वहीतही तशीच आहेत.