हिराकस तांबूस का पडतो?

सभासद बंधूंनो, चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा दिसला, कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की लोह कमी पडले असे समजून हिराकस आणला जातो. ते बरोबरच आहे. पण आम्ही शेतावर गेलो की आधी हिराकसाचे पोते उघडून पाहतो.

ताजा माल फिकट हिरवा असतो. त्यातल्या लोहाने दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात. पोत्याचे तोंड उघडे राहिले, की दमट हवेत ते लोह तिसराही देऊन बसते आणि माल तांबूस-पिवळा पडतो. जो इलेक्ट्रॉन देतो त्याचे ऑक्सिडीकरण, जो घेतो त्याचे क्षपण. इथे ऑक्सिडीकरण लोहाचे आणि क्षपण हवेतल्या ऑक्सिजनचे. नावावरून उलटे वाटते खरे! सल्फेट मात्र होते तसेच राहते.

मोरचुदाच्या पाण्यात घासलेला विळा बुडवा. त्यावर तांब्याचा लाल थर चढतो. इलेक्ट्रॉन दिले विळ्याच्या लोखंडाने, घेतले मोरचुदातल्या तांब्याने.

तांबूस झालेले लोह चुनखडीत विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. हिरवा हिराकस नुसता फेकला तरी तिथे तीच गत. म्हणून हेक्टरी २५ किलो हिराकस दहापट शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून द्यावा. उभ्या पिकावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, द्रावण ताजेच फवारावे. माती तपासायची असल्यास पुण्याला मांजरी बुद्रुक येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये सोय आहे.